शेवटच्या जागेचा आकडा

मावळात जुलै हा भातलावणीचा महिना. गेल्या काही वर्षांत तो इंजिनिअरिंग प्रवेशाच्या ऑप्शन फॉर्मचाही महिना झाला आहे. पवनानगरपासून खंडाळ्यापर्यंत ज्या घरात बारावी सायन्सचे मूल आहे, त्या घरात मागच्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ मोबाइलवरून मोबाइलवर फिरत असते. ३०१२ म्हणजे माटुंग्याचे व्हीजेटीआय, ६२७१ म्हणजे धनकवडीचे पीआयसीटी, आणि तसाच एक कोड पुण्याच्या सीओईपीचा. हे कोड पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. त्यात लोणावळ्याचा पेच जरा अधिक अवघड, कारण हे गाव दोन्ही शहरांच्या मधे घाटमाथ्यावर बसलेले. घाट उतरला की मुंबई, लोकल पकडली की पुणे. म्हणून ‘सीओईपी की व्हीजेटीआय’ हा वाद इथे दरवर्षी नव्याने होतो.

पुढचा संवाद मी रचला आहे, पण त्यातली दोन्ही मते या पट्ट्यात वर्षानुवर्षे ऐकू येणारी आहेत. मामा कामशेतच्या बाजूचे, ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवून निवृत्त झालेले. भाची सीओईपीतून इलेक्ट्रॉनिक्स करून तळेगाव एमआयडीसीत नोकरीला लागलेली. तिच्या धाकट्या भावाला सीईटीत ९९.८च्या आसपास पर्सेंटाइल आहे आणि त्याचा फॉर्म भरायचा आहे.

भाची : मामा, त्यानं यादी केलीय. सोपी पद्धत आहे. ज्याचा कटऑफ सगळ्यात वर ते पहिलं, मग उतरत्या क्रमानं बाकीची. यात चुकायला जागाच नाही.

मामा : अगं, पण कटऑफ म्हणजे काय, ते त्याला विचारलंस का? कॉलेज कसं शिकवतं याचा तो आकडा नाही. शेवटच्या जागेवर जो बसला, त्याचा तो आकडा. साठ जागा असतील तर साठाव्या पोराचा, एकशेवीस असतील तर एकशेविसाव्याचा. उद्या कॉलेजनं तुकडी वाढवली तर कटऑफ खाली येईल. मास्तर तेच, प्रयोगशाळा तीच. मग ते कॉलेज एका वर्षात वाईट झालं का?

भाची : एवढा फरक जागांमुळे पडत नाही हो.

मामा : वरच्या टोकाला पडतो. २०२५ साली पीसीएम गटाला चार लाखांहून जास्त मुलं बसली. त्यात ०.०१ पर्सेंटाइल म्हणजे चाळीसएक मुलं. गणिताचा एक प्रश्न दोन गुणांचा. वरच्या टोकाला एक प्रश्न इकडचा तिकडे झाला की किती मुलं पुढे जातात, हिशेब कर. शिवाय परीक्षा वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या सत्रांत. म्हणून तर गुण सोडून पर्सेंटाइल आणलं. आणि तू मला सांगतेस की दशांशानंतरच्या दुसऱ्या घरावरून सीओईपी मोठं की व्हीजेटीआय मोठं हे ठरवायचं.

भाची : दुसऱ्या घराचं सोडा. पण वर्षानुवर्षं चांगली मुलं तीच दोन-तीन नावं वर टाकतात, ते उगाच? हजारो घरं चौकशी करतात. कुणाचा चुलतभाऊ तिथं शिकलेला असतो, कुणाची शेजारीण. हॉस्टेल कसं, सर कसे, कंपन्या कुठल्या येतात, सगळं विचारून मग फॉर्म भरतात. त्या सगळ्या चौकशीचा अर्क त्या आकड्यात उतरतो. एकट्या माणसाला इतकी माहिती कुठून मिळणार?

मामा : त्यातली किती घरं खरोखर चौकशी करतात? तुझ्या भावानं केली? त्यानं मागच्या वर्षीचा आकडा बघून यादी लावली. त्याच्यासारख्या हजारोंनी तेच केलं. म्हणून यंदाचा आकडा मागच्या वर्षीसारखाच येणार, आणि पुढच्या वर्षीची मुलं यंदाचा बघून यादी लावणार. आकडा आकड्याकडे बघून ठरतोय.

मामांचा हा मुद्दा मला पटतो, आणि तो आपल्याकडेच खरा आहे असेही नाही. अमेरिकेत विद्यापीठाचा दर्जा सांगताना शंभर अर्जांपैकी किती स्वीकारले ही टक्केवारी पुढे केली जाते. ती जितकी कमी तितके विद्यापीठ मोठे. मग काही विद्यापीठे जास्तीत जास्त मुलांना अर्ज करायला सांगतात. अर्ज वाढले की नकार वाढतात, नकार वाढले की मान वाढतो, आणि वर्गात मात्र काहीच बदललेले नसते. आपल्या एनआयआरएफ क्रमवारीतही लोकांच्या मनातल्या प्रतिमेला अभियांत्रिकीसाठी १० टक्के वजन आहे. बाकीचे शिकवणे, संशोधन, पदवीधरांचे पुढे काय झाले, समावेशकता यांना. घराघरांतल्या चर्चेत हे प्रमाण नेमके उलटे असते.

भाची : मग नाव म्हणजे काहीच नाही का? १८५४ पासूनचं कॉलेज आहे आमचं.

मामा : १८५४ला ते कशासाठी निघालं होतं, ठाऊक आहे? बांधकाम खात्याला हाताखालची माणसं हवी होती, ती तयार करायला. व्हीजेटीआय १८८७ला निघालं, राणीच्या राज्यारोहणाला पन्नास वर्षं झाली म्हणून, आणि मुंबईच्या कापडगिरण्यांना कारागीर आणि तंत्रज्ञ हवे होते म्हणून. दोन्हींचा जन्म साध्या गरजेतून. मोठेपण नंतर आलं, ते तिथं शिकलेल्या माणसांच्या कामातून. विश्वेश्वरय्या १८८३ला पुण्यातून बाहेर पडले आणि पुढे खडकवासल्याला त्यांचे स्वयंचलित दरवाजे बसले. हे नाव त्या दरवाज्यांनी कमावलंय.

भाची : तेच तर म्हणते मी. ते नाव आज माझ्या कामी येतं.

मामा : येतं. पण विश्वेश्वरय्या काय शिकले? सिव्हिल. आज त्याच आवारात सिव्हिलचा कटऑफ कॉम्प्युटरच्या कितीतरी खाली बंद होतो. फाटक तेच, ग्रंथालय तेच, प्रमाणपत्रावरचं नाव तेच. मग त्या कॉलेजची प्रतिष्ठा नेमकी कुठल्या आकड्यात मोजायची? आणि हे लोणावळ्यात बसून बोलतोय आपण! १८६३ला बोरघाटातून रेल्वे गेली. टाटांनी इथं धरणं बांधून पाणी खाली खोपोलीला सोडलं आणि १९१५ला मुंबईला वीज दिली. आता एक्स्प्रेसवेची खोपोली ते कुसगाव मिसिंग लिंक, तेरा किलोमीटरच्या वर, त्यात एक बोगदा जवळपास नऊ किलोमीटरचा. सिव्हिल इंजिनिअरिंगचं एवढं मोठं पुस्तक आपल्या दारात उघडं आहे, आणि दारातली पोरं सिव्हिलला नाक मुरडतात. का, तर कटऑफ खाली आहे.

इथे क्षणभर भाचीकडे उत्तर नसते. हा मुद्दा मला स्वतःला फार जवळचा वाटतो. निवड किती कडक आहे यावरून शाखेची किंमत ठरवणे म्हणजे बाजारात या घडीला कशाला भाव आहे तेवढेच बघणे. चार वर्षांनी पदवी हातात पडेल तेव्हा भाव कशाला असेल, हे आजचा कटऑफ सांगत नाही. पण भाचीचा मुख्य मुद्दा अजून यायचा आहे आणि तो मामांना वाटतो त्यापेक्षा भक्कम आहे.

भाची : मामा, तुम्ही आकड्याला नावं ठेवा, पण आकड्यामुळे आत काय होतं ते मी बघितलंय. माझ्या खोलीत तिघी. एक लातूरची, एक चंद्रपूरची, एक मी पवन मावळातली. लातूरवाली पहिल्या सेमिस्टरला सर्किटचं गणित सरांनी फळ्यावर पुरं करायच्या आत सोडवायची. मला राग यायचा, मग लाज वाटायची, मग मी तिच्याशेजारी बसायला लागले. रात्री जेवण झालं की ती मला समजावायची आणि मी तिला सोल्डरिंग शिकवायचे, कारण तिनं कधी हातात गन धरली नव्हती. तिसऱ्या वर्षापर्यंत आम्ही दोघी क्लबच्या खोलीत पहाटेपर्यंत बसायचो. आमच्या सीनिअर लोकांनी ‘स्वयम्’ उपग्रह केला होता, किलोभराच्या आतला. २०१६ला इस्रोनं तो पीएसएलव्हीवरून सोडला. विद्यार्थ्यांनी केलेला उपग्रह! तो बघून आम्हाला वाटायचं, आपणही काही करू शकतो. हे शिकवणं कुठल्या मास्तरांनी केलं? शेजारी बसणाऱ्यांनी केलं. आणि शेजारी कोण बसणार, हे कटऑफ ठरवतो.

मामा : हे मला मान्य आहे. चांगल्या पोरांत चांगलं पोर अजून चांगलं होतं, वर्गात आयुष्यभर बघितलंय मी. पण शेजारी चांगला मिळायला चाळणी इतकी बारीक हवीच असं नाही. तळेगावचा पैसा फंड काच कारखाना ऐकलायस ना? १९०८चा. लोकांनी एकेक पैसा देऊन उभा केला. जपान आणि अमेरिकेत काचकाम शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथं आले. कारखाना आणि शाळा एकत्रच. भट्टीपाशी उभं राहून पोरं शिकली आणि देशभरच्या काचकारखान्यांत गेली. कुठं प्रवेश परीक्षा होती? त्याच तळेगावात विजापूरकरांचं समर्थ विद्यालय होतं. राष्ट्रीय शिक्षण देतात म्हणून इंग्रज सरकारनं ते १९१०ला बंद पाडलं. सरकारला भीती वाटावी इतकी शाळेची ताकद! तिची क्रमवारी कुणी लावली होती? आणि आपण रोज खातो तो इंद्रायणी तांदूळ वडगावच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ला बाहेर आला. ते केंद्र तुझ्या भावाच्या पीडीएफमध्ये कुठं आहे?

भाची : मामा, या सगळ्या गोष्टी मोठ्या आहेत. पण त्या संस्था उभ्या करणारी माणसंच तशी होती. शिकायला येणाऱ्याला आधीपासून ठाऊक नसतं, इथं वार्ष्णेय आहेत की नाहीत. माझ्या भावाला एक फॉर्म भरायचाय आणि त्याला तेवढंच कळतं जे बाहेरून दिसतं. आणि अजून एक सांगू? तुम्ही पुण्याच्या एखाद्या डॉक्टरच्या मुलाला म्हणा, नावात काय आहे. त्याला चालेल. त्याचे वडील दोन फोन करतील. आमच्याकडे फोन करायला कोण आहे? आमच्या बाबांना कंपनीतला एचआर म्हणजे काय हे माझ्या नोकरीनंतर कळलं. माझ्या बायोडेटावर गावाचं नाव कुणी ओळखलं नाही. मुलाखतीला बोलावलं ते चार अक्षरांमुळे.

या ठिकाणी मला मध्ये बोलावेसे वाटते, कारण सगळ्या वादाची खरी गाठ इथे आहे. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोन अमेरिकी संशोधकांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कडक निवडीच्या विद्यापीठांत शिकलेल्यांची पुढची कमाई जास्त दिसते, पण ती विद्यापीठामुळे की मुले मुळातच हुशार होती म्हणून, हा त्यांचा प्रश्न. त्यांनी तुलना केली ती सारख्याच दर्जाच्या विद्यापीठांकडे अर्ज केलेल्या आणि सारखेच होकार-नकार मिळालेल्या मुलांची. त्यांपैकी काही कडक निवडीच्या ठिकाणी गेली, काही साध्या ठिकाणी. पुढे बहुतेकांच्या कमाईत लक्षात येण्याजोगा फरक सापडला नाही. फरक पडला तो गरीब घरांतून आलेल्या मुलांना. त्याच दोघांच्या २०११च्या अभ्यासात कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुले, तसेच ज्यांचे आईवडील फारसे शिकलेले नव्हते अशी मुले, यांच्याबाबतही तेच दिसले. म्हणजे मामांचे म्हणणे सुखवस्तू घराला लागू आणि भाचीचे म्हणणे पवन मावळाला. ज्याच्यामागे आडनावाचे, ओळखीचे, पैशाचे बळ आहे त्याला संस्थेच्या नावाची गरज कमी. ज्याच्यामागे काहीच नाही, त्याला नावाचा उपयोग सगळ्यात जास्त.

आणि नेमकी हीच मुले वरची नावे फॉर्मवर टाकत नाहीत. अंदर मावळात, नाणे मावळात चांगले पर्सेंटाइल असलेली मुलगी ‘आपल्याला कुठलं मिळतंय’ म्हणून जवळचे कॉलेज पहिल्या क्रमांकावर लिहिते. जवळ असणे हा दोष नाही. मुलगी रोज घरी येते, जेवणाखाण्याचा खर्च वाचतो, आणि कुसगाव, तळेगावच्या कॉलेजांतून शिकून नाव काढलेली मुले आहेत. पण जिथे प्रवेश मिळू शकत होता तिथे अर्जच न करणे ही निवड नव्हे. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण व परीक्षा फी व्यावसायिक अभ्यासक्रमांना पूर्ण माफ झाली. ही गोष्ट माहीत नसल्याने एखाद्या घरात आजही फीच्या भीतीने यादी खालून सुरू होत असेल, तर मला त्याचे वाईट वाटते. मामांचा ‘आकड्याला भुलू नका’ हा उपदेश अशा घरात चुकून ‘वर बघू नका’ असा ऐकला जाऊ शकतो.

मामा : तसं मी कधीच म्हणणार नाही. वर बघाच. माझं भांडण वरच्या दोघांतल्या दशांशाशी आहे. सीओईपी आणि व्हीजेटीआय यांत चूक असं काही नाहीच. मग तिथं दुसऱ्या गोष्टी बघायच्या. सीओईपी शिवाजीनगर स्टेशनाच्या जवळ. लोणावळा लोकल मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव करत तिथं सोडते. रोज नको, पण शनिवारी घरी येऊन लावणीला हात लावून रविवारी परत जाता येतं. मुंबईची लोकल कर्जत-खोपोलीलाच संपते, घाट चढत नाही. दादरला एक्स्प्रेसनं उतरायचं, माटुंग्याला जायचं, आणि हॉस्टेल मिळालं नाही तर मुंबईत खोली घ्यायची. बाबांना ते भाडं झेपेल का?

भाची : पण मुंबईत कंपन्या, बँका, सगळं तिथं. त्याला घरापासून लांब राहिलेलं बरं. मी दर शनिवारी यायचे, तर अर्धा रविवार घरच्या कामात जायचा.

मामा : हा खरा मुद्दा बोललीस. हा कटऑफमध्ये नसतो. आणि एक बघ, पीआयसीटीच्या यादीत ‘एच’ आणि ‘ओ’ अशा दोन ओळी असतात. पुणे विद्यापीठाच्या हद्दीत बारावी केलेल्यांना ७० टक्के जागा, बाहेरच्यांना ३०. लोणावळ्यातल्या पोराची ओळ वेगळी आणि घाटाखाली खोपोलीत बारावी केलेल्याची वेगळी. अंतर पंधराएक किलोमीटर, कॉलेज एकच, आकडे दोन! सीओईपी, व्हीजेटीआयला अख्ख्या राज्याची एकच यादी. मग पीआयसीटीचा आकडा आणि सीओईपीचा आकडा शेजारी ठेवून कोण मोठं हे कसं सांगणार?

भाची : ते आमच्या यादीत आम्ही एकत्रच लावलं होतं.

मामा : आणि तुमच्या यादीत न बसणारं कितीतरी आहे. इथं लोणावळ्यातच आयएनएस शिवाजी १९४५ पासून आहे. नौदलाचे अभियंते तिथं तयार होतात. तिथं पोहोचायला लेखी गुणांपेक्षा एसएसबीची पाच दिवसांची निवड कठीण. कैवल्यधाम १९२४चं, परदेशातून लोक योग शिकायला येतात, तिथं पर्सेंटाइल कुणी विचारत नाही. एक फार कडक, एक बरंच मोकळं, आणि दोन्हींना मान आहे.

भाची : बरं, मान्य. पण फॉर्म आजच भरायचाय, आणि क्रम चुकून चालणार नाही. २०२५ पासून चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला की तोच घ्यावा लागतो. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतला लागला तर तो पक्का, तिसरीत पहिल्या सहांतला. त्यामुळे वरचे सहा विचार करूनच लिहायचे. एक आणि दोनवर सीओईपी आणि व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर. कुठलं आधी ते बाबांशी भाड्याचं बोलून ठरवू. पण ९९.८ला तिथं लागेलच असं नाही. तिसऱ्याला काय? सीओईपीचं मेकॅनिकल की पीआयसीटीचं कॉम्प्युटर?

मामा : तुझ्या पद्धतीनं सांग.

भाची : कटऑफनं गेलं तर पीआयसीटी, ते वर बंद होतं. नावानं गेलं तर सीओईपी.

मामा : बघ, तुझी दोन मापं इथं दोन वाटांना गेली. आतापर्यंत तू ती एकच धरून चालली होतीस.

भाची : हो, पण पवन मावळातल्या पोराला नाव लागतं हे मी सोडणार नाही.

मामा : सोडू नकोस. त्याला कॉम्प्युटर का हवंय, हे त्याला विचारलंस?

भाची : सगळे घेतात म्हणून. सुट्टीत मात्र दिवसभर काकांच्या गॅरेजात असतो. पॉवर टिलरचं इंजिन एकट्यानं खोलून परत बसवलं त्यानं.

मामा : मग त्याला फोन लाव आणि एवढंच विचार की तिसऱ्याला मेकॅनिकल लिहिलं आणि ते लागलं, तर घ्यावंच लागेल, तेव्हा तू रडशील का?

भाची : आणि तो म्हणाला, कटऑफ खाली आहे म्हणून मित्र हसतील, तर?

मामा : तर त्याला सांग, रविवारी लोकलनं शिवाजीनगरला चल. सीओईपीचं वर्कशॉप दाखव, तिसऱ्या वर्षाच्या दोन पोरांशी बोलायला लाव. सोमवारी पीआयसीटीला घेऊन जा. मंगळवारपर्यंत मुदत आहे ना?

भाची : बुधवारी संध्याकाळपर्यंत.

मामा : मग आज कशाला भरतेस?